गोल मोजायचे की संघ बघायचा?

पार्क मैदानाबाहेर, कपातला चहा निवेपर्यंत, आमचा वाद चालतो: संघ बदललेल्या आइस हॉकीपटूचं मोल कशावर ठरवायचं?

मित्र खेळाडूचे वैयक्तिक गुण बघतो, म्हणजे त्याचे गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला पासनं लावलेला हातभार). १९८८ मध्ये आइस हॉकीचा दिग्गज वेन ग्रेट्झकी एडमंटनच्या संघातून लॉस एंजेलिसच्या संघात गेला. पहिल्याच हंगामात ५४ गोल, ११४ असिस्ट. हिशोब सोपा, पण अर्धवट.

मी संघाचा तक्ता बघतो. त्याच हंगामात लॉस एंजेलिस साखळीतल्या ६८ गुणांवरून ९१ वर, एडमंटन ९९ वरून ८४ वर. शिवाय त्याच्या सोबतीनं लॉस एंजेलिसच्याच बर्नी निकोल्सचे गोल ३२ वरून ७० झाले! हे ग्रेट्झकीच्या खात्यात पूर्ण दिसतच नाही.

अर्थात, त्याच्याविना एडमंटननं १९९० चा स्टॅनली कप, म्हणजे साखळीचं विजेतेपद, जिंकला, तिथे माझा तक्ताही अडतो. तरी माझं मत संघालाच.