एडासवाली गाडी घ्यावी का? घोडबंदर रोडवरून

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. तुमचं रोजचं जाणं-येणं ठाण्यात घोडबंदर रोडवर पातलीपाडा ते माजिवडा एवढंच असेल, तर निव्वळ एडाससाठी, म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या जोरावर चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी, वरचं व्हेरिएंट घेऊ नका. त्याऐवजी ऑटोमॅटिक गिअर घ्या, डावा पाय दुवा देईल.

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं एका गाडीचं नाही. काचेमागे आरशाजवळ कॅमेरा आणि पुढे बंपरमध्ये रडार, ही मांडणी बऱ्याच लेव्हल टू गाड्यांत असते. शोरूममधला मुलगा ‘मॅडम, गाडी स्वतःच चालते’ म्हणत होता. नाही चालत. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाच्या 0 ते 5 पायऱ्या ठरवल्यात, त्यातली ही 2 नंबरची, म्हणजे लेव्हल टू. स्टीअरिंग आणि ब्रेकला गाडी मदत करते. लक्ष तुम्हीच ठेवायचं आणि धडकलात तर पोलिसांना उत्तरही तुम्हीच द्यायचं.

आता घोडबंदर. मेट्रोचं काम, त्यात सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेण्याचं काम. बॅरिकेड सरकले की लेन सरकते, पण जुना पांढरा पट्टा पुसायला कोणी येत नाही. पावसात रात्री हेडलाइट पडले की नव्यापेक्षा जुनाच पट्टा जास्त चमकतो. कॅमेरा नेमका तोच धरतो आणि स्टीअरिंग हलकेच बॅरिकेडकडे ओढ घेतं. जोर फार नसतो, मनगटाने सहज मोडता येतो. तरीही आपल्या हातातलं चाक दुसरंच कोणी फिरवतंय हे जाणवलं की पोटात गोळा येतो. मी सोसायटीच्या गेटवरच लेन असिस्ट बंद करते. आमच्या गाडीत ते दर वेळी गाडी चालू केली की पुन्हा चालू होतं, ही कटकट वेगळीच.

ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीमागे आपोआप सरकणारा क्रूझ कंट्रोल ऐकायला छान वाटतो. अंतर सगळ्यात कमी ठेवलं तरी त्यात एक रिक्षा आरामात मावते. मावते म्हणजे शिरतेच.

गायमुखच्या बाजूला डंपरच्या चाकांचा चिखल बंपरवर बसला की सेन्सर झाकल्याचा संदेश येतो आणि सगळा थाट बंद. गाड्या पुसणाऱ्या मुलाला सांगून ठेवलंय, बाकी राहिलं तरी चालेल, पण ती पुढची काळी पट्टी आधी पूस.

आणि एक खर्च कोणी सांगत नाही. डंपरमधून खडी उडून काच तडकली, तर नुसती काच बदलून भागत नाही. कॅमेरा काचेलाच असतो, त्यामुळे तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याचा नेम नीट बसवून घ्यावा लागतो. त्याचा आकडा बिलात वेगळा. इन्शुरन्समध्ये तो धरलाय का, हे पॉलिसी घेतानाच विचारा.

मग पैसे पाण्यात गेले का? तसंही नाही. आरशातला ब्लाइंड स्पॉटचा दिवा मला मनापासून आवडतो. तीन हात नाक्याला डावीकडून घुसणारी स्कूटर आपल्याला दिसायच्या आधी त्याला दिसते. रिव्हर्स घेताना बाजूने येणाऱ्या गाडीची सूचना मिळते, जांभळी नाक्याच्या गर्दीत तिचे पैसे वसूल. शिवाय लेन असिस्ट चालू असताना इंडिकेटर न देता लेन बदलली की स्टीअरिंग अडतं, म्हणून आमचे हे लग्नानंतर पहिल्यांदा इंडिकेटर द्यायला लागलेत. हे काम मला कधी जमलं नव्हतं.

समृद्धीवर मात्र गाडीचं रूपच बदलतं. माहेर संभाजीनगरला. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून आम्ही आमण्याहूनच चढतो. ठसठशीत पट्टे, दुचाकी नाहीत, रिक्षा नाहीत; तिथे क्रूझ आणि लेन असिस्ट दोन्ही इमानदारीत काम करतात, आणि उतरल्यावर खांदे भरून आलेले नसतात. फक्त रस्ता इतका सरळ की हात स्टीअरिंगवर असूनही हलत नाहीत, आणि गाडीला वाटतं बाईने हात सोडले. लागते ओरडायला. मग मी अधूनमधून उगाच चाक थोडं हलवते. डोळा लागू नये म्हणून ते ओरडणं बरंच आहे म्हणा.

भाचा विचारतो, मावशी, ड्रायव्हरशिवायची गाडी आपल्याकडे कधी? अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या टॅक्सी रिकाम्या ड्रायव्हर सीटने फिरतात, पण आधी बारकाईने नकाशा केलेल्या ठरावीक भागातच. आमच्याकडे सकाळचा यू-टर्न संध्याकाळी जागेवर नसतो. आणि चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असं गडकरींनी 2023 मध्येच सांगितलंय.

घ्यायचीच असेल, तर शोरूमवाला नेईल त्या मोकळ्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. संध्याकाळी सातला कापूरबावडी ते कासारवडवली चालवून बघा, जमलं तर पाऊस असताना. आणि कॅलिब्रेशनसकट काचेची किंमत बुकिंगच्या आधी लेखी घ्या.