टिनी (डॉकरसोबतचा छोटा मदतनीस प्रोग्राम) वापरून पूर्ण पावसाळा गेला, माझा अनुभव

फोंड्याला आमचं होलसेल किराणाचं दुकान आहे, स्टॉकसाठी मी पायथनमध्ये कमांड लाइन प्रोग्राम लिहिलाय, डॉकरमध्ये चालतो (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन). पावसात लाइट गेली की इन्व्हर्टर जेमतेम अर्धा तास टिकतो म्हणून मी लगेच डॉकर स्टॉप मारायचो, आणि दरवेळी ते बरोब्बर १० सेकंद अडकायचं, मग एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९, सिगकिलने, म्हणजे सक्तीनं मारायच्या सिग्नलने मारलं. सकाळी फाइल उघडली तर शेवटच्या नोंदी गायब, एकदा तर शेवटच्या ओळीत नुसतं "नार", पुढचा "ळ" पण नाही आणि नग पण नाहीत.

हातानं चालवून कंट्रोल सी मारलं तर मात्र पटकन बंद व्हायचा, कारण सिगइंटचा (कंट्रोल सीच्या सिग्नलचा) हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारा कोड, पायथन स्वतःच लावतं, सिगटर्मचा (डॉकर स्टॉप आधी पाठवतं त्या 'बंद हो' सिग्नलचा) लावत नाही. आणि कंटेनरमध्ये पीआयडी १ (पहिली प्रोसेस) होती माझी सुरुवातीची शेल स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम सुरू करणाऱ्या कमांडची फाइल. पीआयडी १ ला हँडलर नसेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सिगटर्म सरळ टाकून देतं, प्रोग्रामपर्यंत काही पोचतच नव्हतं.

टिनी (tini) म्हणजे उलटं वाचा, इनिट (init), सिस्टिमची पहिली प्रोसेस. एवढीशी आहे, स्वतः पीआयडी १ होते, आलेला सिग्नल आपल्या चाइल्डला (तिनं सुरू केलेल्या प्रोसेसला) देते, झोंबी (संपूनही यादीत अडकलेल्या) प्रोसेस साफ करते. डॉकर १.१३ पासून सोबतच येते, रन करताना इनिट फ्लॅग द्यायचा बस्स, वेगळं इन्स्टॉल काही नाही.

फ्लॅग दिला, स्टॉप क्षणात झाला, कोड १४३ (म्हणजे सिगटर्मने संपलं), मी खूष, आणि सकाळी बघतो तर नोंदी तरीही गायब! टिनीने सिगटर्म दिला तो शेलला, शेल लगेच मेला, तो मेला म्हणून टिनी पण संपली आणि मागे राहिलेल्या पायथनला कर्नलने तिथंच मारलं, बफरमधलं (फाइलमध्ये जायच्या आधी मेमरीत साठलेलं) लिहिलंच गेलं नाही. मग स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत पायथनच्या आधी एक्झेक लावलं, म्हणजे शेलच्या जागी पायथनच येतं, आणि सिगटर्मचा हँडलर लिहिला जो फाइल बंद करून बाहेर पडतो. तो हँडलर अगदी सुरुवातीला लावा हां, मालाची यादी लोड व्हायच्या आधी, नाहीतर सुरू होतानाच सिग्नल आला तर परत तेच.

टिनीला माझ्याकडून पाचपैकी पाच, फक्त तिच्याकडून हँडलरच्या कामाची अपेक्षा करू नका. परवा संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजत होता तेवढ्यात लाइट गेली, स्टॉप मारला, सेकंदभरात बंद, कोड ०, शेवटची ओळ नारळ ४० नग, पूर्ण.