एक्झरसिझमवरील मजकुराचे आणि सांकेतिक लिप्यांचे स्वाध्याय: काही महिन्यांच्या वापरानंतर

एक्झरसिझम या प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या विनामूल्य संकेतस्थळावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे शंभराहून अधिक स्वाध्याय आहेत. त्यांतील मजकूर हाताळण्याचे आणि सोप्या सांकेतिक लिप्यांचे स्वाध्याय मी गेले काही महिने, नोकरी सांभाळून, रात्रीच्या जेवणानंतर सोडवत आहे. पुढील अनुभव त्या गटापुरताच आहे.

प्रत्येक स्वाध्यायासोबत लहानसे वर्णन, जवळजवळ रिकामी फाइल आणि चाचण्यांची फाइल मिळते. ब्राउझरमध्येच कोड लिहिता येतो, किंवा फाइल उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाने तपासता येते. मी दुसरा मार्ग धरला आणि नवशिक्यांनाही तोच सुचवेन, कारण चाचणी का फसली हे सांगणारा मजकूर शांतपणे वाचण्याची सवय तिथेच लागते. वर्णनापेक्षा चाचण्याच अधिक शिकवतात, हे माझे मत हळूहळू पक्के होत गेले.

रोटेशनल सायफर म्हणजे ज्युलियस सीझर वापरत असे ती अक्षरे पुढे सरकवण्याची युक्ती. अक्षराचा क्रमांक काढायचा, त्यात किल्ली (किती घरे सरकायचे तो आकडा) मिळवायची, २६ ने भागून बाकी घ्यायची आणि तिचे पुन्हा अक्षर करायचे. कागदावर हे एका ओळीचे काम आहे. चाचण्या मात्र कडेकडेचे प्रश्न विचारतात. किल्ली शून्य किंवा २६ असेल तर काय, कॅपिटल अक्षर कॅपिटलच राहते का, आकडे, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा जागच्या जागी राहतात का? मजकूर उलगडण्यासाठी मागे सरकताना पायथनमध्ये उणे एकला २६ ने भागल्यावर बाकी २५ मिळते, म्हणून काम निभावते. सी भाषेत तीच बाकी उणे एक येते. ज्यांना पुढे दुसरी भाषा शिकायची आहे त्यांनी येथे थोडे थांबावे.

अ‍ॅटबॅशमध्ये पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे येते, पण खरे काम उत्तराचे पाचपाच अक्षरांचे गट पाडण्याचे आहे. पिग लॅटिन मला कंटाळवाणे वाटले. आपल्याकडच्या ‘च’च्या भाषेत ‘मला’चे ‘चलाम’ होते, तसाच तो खेळ आहे. मात्र नियम इंग्रजी उच्चारांच्या अपवादांनी भरलेले असल्यामुळे त्यातून प्रोग्रॅमिंगपेक्षा इंग्रजीचाच सराव अधिक होतो.

सर्वांत सरस स्वाध्याय अफाइन सायफरचा. यात अक्षराच्या क्रमांकाला एका संख्येने गुणून, दुसरी संख्या मिळवून, मग २६ ने भागून बाकी घेतात. गुणकाचा आणि २६ चा मसावि १ असलाच पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅमने त्रुटी दाखवावी, अशी अट आहे. ती केवळ मान्य न करता मी क्रमांक शून्यापासून धरून १३ ने गुणून पाहिले: सम क्रमांकाची सगळी अक्षरे ‘ए’ झाली आणि विषम क्रमांकाची सगळी ‘एन’. असा संदेश पाठवता येईल, पण तो कोणालाही परत वाचता येणार नाही. एक ते २५ मधले जेमतेम १२ गुणकच चालतात. सहावी-सातवीत घोकलेला मसावि इतक्या वर्षांनी असा कामाला येईल असे वाटले नव्हते.

या सगळ्या लिप्या रोमन वर्णमाला गृहीत धरतात. मराठी वाचकाने म्हणून एक पाऊल स्वतः टाकावे आणि तोच कोड देवनागरी मजकुरावर चालवून पाहावा. ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो, पायथन त्याची लांबी पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात. तो उलटा केला तर ‘ठीराम’ मिळत नाही. आधी निराधार वेलांटी येते आणि तिच्यामागे ‘ठारम’. शब्द मोजण्याच्या स्वाध्यायात पायथनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याच्या सोयीतील) शब्दाचे चिन्ह वापरले, तर याच शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. मजकुरात फक्त अक्षरेच आहेत का हे सांगणाऱ्या ‘इजअल्फा’ला विचारले तर ‘मराठी’ ही अक्षरे नाहीतच, असे उत्तर मिळते. यावर ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे पॅकेज बसवणे हा बऱ्यापैकी उपाय आहे. याउलट, केवळ व्यंजने बदलून काना-मात्रा तशाच ठेवणारी लिपी अक्षरांच्या तक्त्याने सहज जमते. महानुभावांच्या सकळ लिपीतही अक्षराऐवजी अक्षर ठेवण्याचेच तत्त्व आहे, तेव्हा हौशी माणसाला पुढचा स्वाध्याय घरचाच मिळेल.

उत्तर पाठवल्यावर स्वयंसेवक मार्गदर्शकांकडून कोड तपासून घेता येतो आणि इतरांची उत्तरेही वाचता येतात. मार्गदर्शन अवश्य मागावे. दहा ओळींचा लूप ‘मेकट्रान्स’ आणि ‘ट्रान्सलेट’ या अक्षरांचा तक्ता करून त्याप्रमाणे अक्षरे बदलणाऱ्या पायथनच्या सोयींनी दोन ओळींत कसा बसतो, हे आपला कोड समोर ठेवून कोणी सांगितले की चांगले समजते. लूप आणि फंक्शन लिहिता येऊ लागण्याआधी मात्र या गटाला हात लावू नये. त्यानंतर शब्द उलटा करणे, पॅनग्राम (वाक्यात इंग्रजीची सगळी अक्षरे आली आहेत का ते तपासणे), रोटेशनल, अ‍ॅटबॅश आणि शेवटी अफाइन हा क्रम ठेवावा. पिग लॅटिन वगळले तरी चालेल.