निन्टेन्डोचा नवा गेम कन्सोल स्विच २ सात महिने वापरला, आता हे हायब्रिड (टीव्हीलाही लावा, हातातही खेळा) प्रकरण किती चालेल त्याबद्दल थोडं

घेताना डोक्यात एकच होतं, मोठ्या टीव्हीला लावायचा आणि फोर-केमध्ये खेळायचं. झालं उलटंच. सात महिन्यांत दहापैकी आठ वेळा तो माझ्या हातातच होता, तेही पलंगावर लोळत. टीव्हीवर कोणीतरी काहीतरी बघत असतं, मग डॉकमधून (टीव्हीला जोडणारा स्टँड) उचलायचा न् आत जायचं, गेम होता तिथून पुढे चालू. ऐकायला फुटकळ वाटतं पण निन्टेन्डोचा सगळा धंदा सध्या यावरच उभा आहे.

निन्टेन्डोचा स्विचच्या आधीचा कन्सोल वी यू आठवतोय का? त्यातपण हातात स्क्रीनवाला गेमपॅड होता, पण खरं मशीन टीव्हीपाशीच, जरा लांब गेलात की खेळ खल्लास. १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विकून तो गचकला, आणि त्याच काळात त्याच कंपनीचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस साडेसात कोटींच्या वर गेला. म्हणजे दोन मशीनं, दोघांसाठी वेगळे गेम, आणि बनवणारी माणसं तेवढीच. मार्च २०१७ ला स्विच आला आणि दोन्ही चुली एक झाल्या. लोक "कुठेही खेळा"चं कौतुक करतात, मला विचाराल तर खरी मेख ही की मारिओ, झेल्डा, पोकेमॉन सगळे एकाच मशीनवर आले. म्हणून तो १५ कोटींच्या पार गेला.

स्विच २ ची सुरुवात तर जबरदस्तच, ५ जून २०२५ ला आला आणि चार दिवसांत ३५ लाख गेले. पण पहिल्या उड्या फॅन लोकांच्या असतात (मीपण त्यातलाच, हसू नका). नंतरच्या माणसाचं काय?

हातात घेतला की स्क्रीन खरंच भारी, ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ. पण दोन्ही बाजूंच्या कंट्रोलरसकट (जॉय-कॉन) वजन अर्ध्या किलोच्या वर, आडवं पडून तासभर खेळलं की मनगट बोलायला लागतं. बॅटरी कंपनीच २ ते साडेसहा तास सांगते, जड गेमला त्यातला २ चाच आकडा धरून चाला. स्टोरेज २५६ जीबी आहे, आणि वाढवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नव्या प्रकारचं कार्डच लागतं. मी खोका न वाचता जुनं कार्ड घालून बसलो होतो, चूक माझीच. शिवाय काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती किल्ली, बाकी सगळं डाउनलोड.

स्टीम डेक (पीसीचे गेम हातात खेळायचं मशीन) वगैरेंची भीती मला फार वाटत नाही, तो ज्याच्याकडे आधीच पीसी गेमचा ढीग आहे त्याच्यासाठी, आणि मारिओ काय तिकडे येत नाही. उलट सायबरपंक २०७७ सारखा जड गेम स्विच २ सोबत पहिल्याच दिवशी इकडे आला, हे जुन्या स्विचवर स्वप्नातही नव्हतं.

खरा स्पर्धक जुना स्विचच आहे. त्याचे बहुतेक गेम नव्यावर चालतात, मी स्वतः निम्मा वेळ तेच खेळतोय, म्हणजे नवं मशीन घेऊन जुनंच. माझ्या मते हा विकेल चांगला, पण १५ कोटी गाठायचे तर घरात दुसरा, तिसरा जायला हवा, आणि त्यासाठी २०१९ च्या स्विच लाइटसारखं छोटं, स्वस्त, बिनटीव्हीचं काहीतरी काढावंच लागेल.

बहिणीकडे जुना आहे. ती म्हणते नवा पोकेमॉन जुन्यावर यायचा बंद झाला की दुसऱ्या दिवशी घेते. ऑक्टोबर २०२५ चा पोकेमॉन लेजंड्स झी-ए दोन्हीवर आला, त्यामुळे बाईसाहेब अजून निवांत आहेत.