फरसूटच्या डोक्यासाठी गादीचा फोम की ईव्हीए?

लातूरला उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्यात फरसूटचं, म्हणजे प्राण्याच्या रूपातल्या फरच्या पोशाखाचं, जड डोकं घालायचं, म्हणून आतला सांगाडा कशाचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गादीचा फोम सोफावाल्याकडे सहज मिळतो. २५ मिलिमीटर जाडीचा घ्या, साध्या कात्रीनं छाटत गेलं की गाल, भुवया, नाकाड हाताखाली आकार घेतात. चुकलं तर तुकडा चिकटवून परत छाटा. पण हा फोम घाम पितो. धुतला तर वाळायला वेळ लागतो, आणि ओलसर ठेवला की कुबट वास धरतो.

ईव्हीए म्हणजे व्यायामाच्या चटईतला घट्ट फोम. घाम आत मुरत नाही, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. मात्र कागदी साचा काढावा लागतो, धारदार ब्लेड लागतं, हीट गननं गरम करून वाकवावं लागतं. गोलाई आणताना पहिल्यांदा हात अडखळतोच.

चिकटवायला दोन्हींना कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह चालतं. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

पहिलं डोकं गादीच्या फोमचंच करा. मे महिन्यात तासन्‌तास घालायचं असेल, तर मी ईव्हीएच घेईन, आणि तोंडाची फट मोठी ठेवीन.