ॲपवरून मिळालेला कॉन्ट्रॅक्टर: बाथरूमचा रिव्ह्यू, एक वर्ष वापरून झाल्यावर

घराच्या रिनोव्हेशनसाठी कॉन्ट्रॅक्टर शोधून देणारी ॲप्स आहेत ना, त्यातल्या एकावरून आम्ही मागच्या वर्षी बाथरूमचं काम करून घेतलं. ॲपचं नाव लिहीत नाहीये, कारण नंतर ओळखीतल्या दोघांनी दुसऱ्या ॲप्सवरून कामं केली आणि थोड्याफार फरकाने हेच झालं. काम संपलं त्याच दिवशी रिव्ह्यू द्या म्हणून मेसेज आला होता, पण मी ठरवलं होतं की वर्षभर वापरल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

आमचा फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगरला, दुसरा मजला, बिल्डिंग १९९८ ची. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल यायची, पोपडे पडायचे, आणि त्या बिचाऱ्या दोन वर्षं नुसतं "बघ गं जमलं तर" एवढंच म्हणायच्या. इकडे सासूबाईंचे गुडघे गेलेले, भारतीय पद्धतीचं संडासाचं भांडं काढून कमोड बसवायचा होता, न घसरणाऱ्या टाइल्स आणि भिंतीला धरायला दांडा हवा होता. ओळखीचा मिस्त्री दोनदा येतो म्हणाला आणि आलाच नाही, म्हणून ॲप.

माहिती भरून नंबर टाकला आणि दहा मिनिटांत पाच फोन. पुढचे तीन आठवडे फोन चालूच, काम दिलंय सांगितलं तरी. आमच्या कॉन्ट्रॅक्टर भाऊंनीच नंतर चहा घेता घेता सांगितलं की प्रत्येक नंबरमागे त्यांना ॲपला पैसे भरावे लागतात, काम मिळो न मिळो, आणि तोच नंबर चार-पाच जणांना जातो, मग जो पहिला फोन करेल त्याचा फायदा. आणि हे पैसे शेवटी कोणाच्या कामातून निघणार, आपल्याच. अमेरिकेत हा धंदा आपल्या कितीतरी आधीपासून आहे, तिथे होमॲडव्हायजर नावाच्या कंपनीने कॉन्ट्रॅक्टर लोकांना लीड, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांच्या दर्जाबद्दल दिशाभूल करून विकले असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता आणि २०२३ च्या जानेवारीत ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम भरायचा आदेश निघाला. म्हणजे आपल्यासारखा कॉन्ट्रॅक्टरपण इथे गिऱ्हाईकच आहे, हे डोक्यात ठेवून ॲप वापरायचं.

तीन कोटेशन आली, १ लाख १० हजार, १ लाख ६५ हजार आणि २ लाख २० हजार. एकाच बाथरूमची! ॲपवर ती शेजारी शेजारी दिसतात, ही सोय खरंच चांगली आहे, ओळखीतून काम दिलं की कागदच मिळत नाही. पण नीट वाचल्यावर कळलं की सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये "वॉटरप्रूफिंग - लमसम" एवढीच ओळ, कुठलं केमिकल, किती कोट, भिंतीवर किती उंचीपर्यंत, काही नाही. राडारोडा खाली नेऊन टाकायचा खर्च वेगळा, जीएसटी वेगळा, नळ-शॉवर आपले. मधल्याने सगळं सुटं सुटं लिहिलं होतं, सीपीव्हीसी पाइप कुठल्या कंपनीचा, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, भिंतीवर चार फुटांपर्यंत, टाइल्स सिमेंटवर न लावता ॲडेसिव्हने चिकटवणार. त्याला काम दिलं.

देण्याआधी मात्र मी एक हट्ट केला की तुमचं जुनं काम दाखवा, फोटो नको. गोविंदनगरला एका ताईंकडे नेलं त्यांनी. मी तिथे टाइल्सचं डिझाइन बघितलंच नाही, दाराच्या चौकटीचा खालचा भाग बघितला, फुगलाय का, आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीचा रंग बघितला, आत पाणी मुरत असेल तर पहिलं तिथे दिसतं. दोन्ही कोरडं होतं. त्या ताईंनी अर्धा तास दिला, स्टार बघून जे कळलं नसतं ते त्या अर्ध्या तासात कळलं.

आता मुख्य गोष्ट. ॲपवर रेटिंग असतं कॉन्ट्रॅक्टरचं, पण हातात थापी घेऊन जो माणूस येतो त्याचं रेटिंग कुठेच नसतं. भाऊ पहिल्या दिवशी आले, तोडफोडीच्या दिवशी आले आणि मग दुसऱ्या साइटवर. सिंहस्थाची कामं चालू आहेत, माणसं मिळत नाहीत ताई, हे मी रोज ऐकलं. वॉटरप्रूफिंगचा दुसरा कोट वाळला, तसे टाइल्सवाले दोघे संध्याकाळी टाइल्स लावायला तयार. मी विचारलं पाणी भरून बघायचं ना आधी? तर म्हणे गरज नाही, रोजचं काम आहे आमचं. मी लावू दिलं नाही. पेठ तालुक्याकडचे एक वयस्कर गवंडी होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे, त्यांनी काही न बोलता नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या भोकात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिंधी घट्ट बसवली, चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली.

सकाळी पाणी रेघेच्या एक बोट खाली. खाली जाऊन बघितलं तर काकूंच्या छतावर ताटाएवढा ओला डाग. मामांनी ट्रॅपच्या कडेने नखाने उकरून दाखवलं, पाइप आणि कोब्याच्या मध्ये केसाएवढी फट, केमिकल तिथे पोचलंच नव्हतं. परत साफ करून, ट्रॅपभोवती सिमेंटचा गोल उतार करून, त्यावर जाळी लावून कोट मारला आणि मग पूर्ण ४८ तास पाणी ठेवलं. रेघ जागेवर. काही दिवस जास्त गेले, पण त्या संध्याकाळी टाइल्स लागल्या असत्या तर सगळं परत फोडायला लागलं असतं आणि काकूंना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पैशांचं सांगते. पहिला हप्ता ॲपवरून भरला. दुसऱ्या हप्त्याला भाऊ म्हणाले डायरेक्ट द्या, पाच टक्के कमी करतो, आणि आम्ही दिले. नंतर कमोडच्या मागच्या तीन टाइल्स नाण्याने वाजवल्यावर पोकळ वाजायला लागल्या, म्हणजे नीट चिकटल्या नव्हत्या, ॲपवर तक्रार केली तर उत्तर आलं की ॲपबाहेर दिलेल्या पैशांच्या कामाला आमची गॅरंटी लागू नाही. पाच टक्क्यांसाठी हे करू नका. मग मी लिहिलं की २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं, नाहीतर मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करते. दुसऱ्या दिवशी माणसाचा फोन आला, चॅटवाल्या मशीनचा नाही. अकरा दिवसांनी टाइल्स बदलून मिळाल्या. खरं तर शेवटचे दहा टक्के मी हातात ठेवले होते त्याचाही तेवढाच उपयोग झाला असणार.

आणि आता मी वर्षभर का थांबले ते. ॲपवरचे जवळजवळ सगळे पाच स्टार काम हातात मिळालं त्या आठवड्यातले असतात. त्या दिवशी कुठलंही बाथरूम चकचकीतच दिसणार हो! बाथरूमखाली संकमध्ये, म्हणजे खोलगट ठेवलेल्या स्लॅबमध्ये, विटांच्या तुकड्यांची भर असते, गळणारं पाणी आधी तिथे साठतं, मुरतं आणि कित्येक महिन्यांनी खालच्या घरात दिसतं. तोपर्यंत स्टार देऊन झालेले असतात, आणि या ॲपवर तर तीस दिवसांनंतर रिव्ह्यू बदलताच येत नाही. मी त्यांना कळवलंय की गळतीच्या कामांना सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत विचारायची सोय करा. अजून तरी उत्तर नाही.

माझ्याकडून ॲपला तीन स्टार, ते कोटेशन लेखी मिळालं आणि तुलना करता आली म्हणून. कॉन्ट्रॅक्टर भाऊंना साडेतीन, माणूस सचोटीचा आहे पण साइटवर थांबत नाही. मामांसाठी ॲपवर जागाच नाही, त्यांचा नंबर मी लिहून घेतलाय, किचनच्या ओट्याखालचं काम त्यांनाच देणार आहे.

सासूबाई आता एकट्या बाथरूमला जातात, दांडा धरून. काकूंनी सगळा पावसाळा वाट बघितली, रोज वर बघायच्या म्हणे, आणि दसऱ्याच्या आधी छताला रंग लावून घेतला.