सुकी कडधान्यं की डबाबंद? हृदयासाठी कोणती बरी?

हृदयाला हवं ते दोन्हींत आहे. 100 ग्रॅम शिजवलेल्या मसुरात साधारण 8 ग्रॅम तंतू असतात, चरबी 1 ग्रॅमपेक्षाही कमी आणि कोलेस्टेरॉल शून्य. यातले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतात. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उतरतं.

खरा फरक मिठाचा. सुकी कडधान्यं घरी शिजवली की मीठ आपल्या हातात राहतं. डब्यातली मात्र बहुतेकदा खारट पाण्यात बुडवलेली असतात, आणि मिठात असणाऱ्या सोडियमची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅमच आहे. म्हणून रक्तदाब असलेल्यांनी सुकीच घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

पण भिजवायला वेळ नाही म्हणून कडधान्यंच टाळू नका! डबा चाळणीत ओता, फेसाळ, चिकट पाणी जाऊ द्या, नळाखाली खळखळून धुवा. बरंचसं सोडियम तिथेच वाहून जातं.

राजमा सुका असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट बिघडवतं. डब्यातला शिजलेलाच असतो.